पुसण्याची दोन कुळे

भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावात कुणी ‘पुसून घे’ म्हटले, तर हातात फडके घ्यायचे की कुणाला गाठून विचारायचे, हे मागचापुढचा संदर्भच सांगतो. शहरी मराठीत विचारण्याचे ‘पुसणे’ बहुतेक ‘विचारपूस’पुरते उरले. झाडीबोलीच्या या मुलखात मात्र ते अजून नांदते आहे.

एकाच शब्दाला दोन अर्थ फुटले, असे इथे झालेले नाही. ही कुळेच दोन. विचारण्याचे पुसणे संस्कृत ‘पृच्छ्’चे. प्राकृतात त्याचे ‘पुच्छ’ झाले आणि मराठीत ‘च्छ’चा ‘स’ झाला. मच्छचा मासा, उच्छूचा ऊस, वच्छाचे वासरू झाले तसाच. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त कुणी ना कुणी सतत ‘पुसत’ असते.

फडक्याच्या पुसण्याला एवढे चालावे लागले नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण रचले. त्यात पुसण्याच्या अर्थाच्या ‘मृज्’ धातूऐवजी चालणारे नऊ धातू दिले आहेत: लुञ्छ, पुञ्छ, फुस, पुस वगैरे. गुजरातीचे ‘लूछवुं’ लुञ्छच्या वळणाचे, हिंदीचे ‘पोंछना’ पुञ्छच्या. मराठीत ‘पुस’ रुळला. ‘पुच्छ’ झिजत झिजत तिथेच येऊन पोचला आणि दोघांचा उच्चार एक झाला. जिल्ह्याची सीमा ओलांडून बालाघाटकडे गेले, की हिंदीत ‘पूछना’ आणि ‘पोंछना’ अजून वेगळे ऐकू येतात.

पृष्ठभागावरून हात फिरवण्याला मराठीत शब्द पुष्कळ, पण त्यांची कामे उलटसुलट. पुसणे असलेले काढून नेते. सारवणे, पोतारणे काहीतरी ठेवून जाते. ज्या चिंधीने जमीन सारवायची तिला पोतेरे म्हणतात, आणि नेसून विरलेल्या लुगड्याचे शेवटी तेच होते. कोसा रेशमाच्या कापडासाठी ओळखल्या जाणाऱ्या आंधळगावात तर कापडाचे सगळे आयुष्य डोळ्यांसमोर असते. सुती ताण्याला भाताची खळ देऊन कोष्टी त्यावरून कुंचा ओढतो, त्याला पांजणी म्हणतात. कुंचा सुताच्या अंगालगत, एका दिशेने सरकतो. सुटलेले तंतू खाली बसतात, खळ मागे राहते. पुसल्यासारखेच दिसते, पण पुसणे नव्हे. उलट, दुधावरची साय किंवा काहिलीतली मळी नेतानाही आपण ती पुसत नाही, ‘काढतो’. त्या कामाला वेगळे क्रियापद लागलेच नाही.

पुसणे माणसाच्या अंगावर आले, की जड होते. डोळे पुसणे म्हणजे धीर देणे, तोंडाला पाने पुसणे म्हणजे फसवणे. आणि विधवेचे कुंकू पुसणे. ते पुसताना त्या बाईला कुणी पुसत नसे. हेरवाडने (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर) मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसण्यासह विधवा प्रथा बंद केली, त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसेच करायला सांगितले.