पवईचा ‘प्रथम’ आणि आयनांबराचा अडसर

वसई-अर्नाळ्याचे कोळी डोल जाळ्यासाठी समुद्रतळात खुंट रोवतात. त्या जागेला कव म्हणतात. पूर्वी डोंगर, देवळाचा कळस, चर्चचा मनोरा यांची रांग जुळवून कव शोधीत. आज ती जीपीएसच्या आकड्यांत नोंदलेली असते. वसई-उत्तनच्या नौका आणि सातपाटी-डहाणूचे मच्छीमार यांच्यातील जुना वादही कवींच्या हद्दीचाच. मग त्या आकड्यांवर भरवसा किती ठेवावा?

उपग्रहाधारित मार्गदर्शनाचा आरंभ खालच्या कक्षेतच झाला. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक उडाला. अमेरिकेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांनी त्याच्या संदेशाच्या कंप्रतेतील बदलावरून त्याची कक्षा मांडली. वरिष्ठ सहकारी फ्रँक मॅक्लूर यांनी प्रश्न उलटा केला: कक्षा ठाऊक असेल, तर ऐकणारा कुठे आहे हे का कळू नये? त्यातून एप्रिल १९६० मध्ये ‘ट्रान्झिट-१बी’ अवकाशात गेला. पुढे या मालिकेतील उपग्रह १५० व ४०० मेगाहर्ट्झ अशा दोन कंप्रतांवर बोलत. कारण वाटेत आयनांबर होते.

सूर्यकिरणांमुळे उंच हवेतील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्यांच्या गर्दीतून येताना संदेशाला विलंब होतो. हा विलंब कंप्रतेनुसार बदलतो. दोन संदेश ताडून पाहिले की तो वजा करता येतो. एकाच कंप्रतेवर चालणाऱ्या स्वस्त यंत्राला मात्र अंदाजावरच विसंबावे लागते. भारतात तो अंदाज अधिक अवघड. भूचुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जाते; तेथे वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन उत्तरेकडे उतरून मध्य भारताच्या आकाशात दाटतात.

ही गर्दी मोजण्यासाठी पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये ‘प्रथम’ हाती घेतला. तो प्रत्यक्ष उडाला २६ सप्टेंबर २०१६ रोजी, श्रीहरिकोट्याहून, पीएसएलव्ही-सी३५ वरून. नऊ वर्षे! आरंभ करणारे कधीच पदवी घेऊन गेले होते; वह्या आणि आराखडे तुकडीमागून तुकडीच्या हाती आले. वजन सुमारे १० किलो, आकार साधारण फूटभराच्या घनाचा. सुमारे ६७० किलोमीटरवरून त्याने दोन कंप्रतांच्या लहरी खाली सोडायच्या आणि वाटेत त्यांच्या कंपनाची दिशा किती फिरली, हे महाविद्यालयांच्या गच्च्यांवरील अँटेनांनी मोजायचे, अशी योजना होती. (त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा जेमतेम किलोभर ‘स्वयम्’ही गेला, त्याचे काम वेगळे.)

आता मार्गदर्शनसेवाच पुन्हा खाली येऊ पाहत आहे. युरोपीय अवकाश संस्थेने २०२४ मध्ये अशा चाचणी-उपग्रहांसाठी करार केले. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवर असल्याने त्यांचा संदेश क्षीण होऊन पोहोचतो. खालच्या कक्षेतून तो जोरकस येईल. मात्र असा उपग्रह काही मिनिटांतच क्षितिजाआड जातो, म्हणून एकट्यादुकट्याने भागत नाही, शेकडो लागतात.