अमेरिकेतल्या मुलाकडे कायमचं जाताय? व्हिसासाठी आरोग्य विम्याचा पुरावा लागतो का, वाचा सविस्तर

मुलगा किंवा मुलगी शिकायला अमेरिकेत गेली, नोकरीला लागली, तिथलं नागरिकत्वही मिळालं. आता फोनवर एकच आग्रह असतो, "आई-बाबा, तुम्ही दोघं इकडेच या." मग गावाकडे जन्माचे दाखले, लग्नाचा दाखला, पासपोर्ट अशी धावपळ सुरू होते. त्यातच कुणीतरी सांगतं, "आरोग्य विम्याची पॉलिसी दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही." कुणी एजंट लगेच पॉलिसी काढून द्यायलाही तयार असतो.

यात खरं किती? पैसे भरण्याआधी हे नीट समजून घ्या.

थोडक्यात उत्तर

अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसासाठी, म्हणजे ग्रीन कार्डवर कायमचं राहायला जाण्यासाठी, आरोग्य विम्याचा कागद दाखवणं सरसकट सक्तीचं नाही. तशी अट घालणारा आदेश २०१९ मध्ये निघाला होता. तो २०२१ मध्ये मागे घेण्यात आला.

पण म्हणून विमा लागतच नाही असं समजू नका. व्हिसासाठी नाही, तरी विमानातून उतरल्या दिवसापासून तो लागतो. तिथला दवाखान्याचा खर्च आपल्या कल्पनेपलीकडचा आहे आणि इथली पॉलिसी तिथे कामी येत नाही.

आधी हे बघा: कोण कोणाला बोलावू शकतं?

आई-वडिलांना कायमचं बोलावण्याचा हक्क फक्त अमेरिकन नागरिक असलेल्या मुलाला किंवा मुलीला आहे. त्यांचं वय २१ वर्षं पूर्ण असावं लागतं. ज्यांच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड आहे, ते नवरा, बायको आणि अविवाहित मुलांसाठी अर्ज करू शकतात, आई-वडिलांसाठी नाही. जो मुलगा एच-१बी व्हिसावर नोकरी करतोय, तो आई-वडिलांना ग्रीन कार्डसाठी बोलावू शकत नाही. त्याच्याकडे जायचं तर पर्यटक व्हिसावर, काही महिन्यांसाठीच.

पर्यटक व्हिसा आणि इमिग्रंट व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियम वेगळे आणि विमाही वेगळा. बहुतेक घोळ इथेच होतो.

२०१९ चा आदेश काय होता?

४ ऑक्टोबर २०१९ रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली. इमिग्रंट व्हिसा मागणाऱ्याने अमेरिकेत पोहोचल्यापासून ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त आरोग्य विमा मिळेल हे दाखवावं, नाहीतर पुढे होऊ शकणाऱ्या औषधोपचाराचा खर्च स्वतः भरण्याइतका पैसा आहे हे दाखवावं, अशी त्यात अट होती. नोकरीतून मिळणारा विमा, घरच्या माणसाच्या पॉलिसीत नाव, किमान ३६४ दिवसांची पॉलिसी असे काही प्रकार चालणार होते. सरकारी अनुदानावर घेतलेला विमा मात्र चालणार नव्हता. नागरिकांच्या आई-वडिलांना थोडी सूट होती, पण तुमच्या औषधपाण्याचा मोठा बोजा अमेरिकेवर पडणार नाही हे वकिलातीतल्या अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागणार होतं.

३ नोव्हेंबर २०१९ पासून हे लागू होणार होतं. त्याच्या आदल्याच दिवशी ओरेगन राज्यातल्या संघीय न्यायालयाचे न्यायाधीश मायकेल सायमन यांनी त्याला स्थगिती दिली. पुढे ३१ डिसेंबर २०२० रोजी अपील न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. पण सरकार बदललं आणि १४ मे २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी तो आदेशच रद्द केला.

त्या वेळच्या बातम्या आणि व्हिडिओ आजही मोबाईलवर सापडतात. तारीख न बघता कुणी ते पुढे पाठवलं की वाटतं, नियम आजचाच आहे. म्हणून अशी कोणतीही माहिती वाचताना आधी तारीख बघा.

मग आज काय दाखवावं लागतं?

मुख्य कागद म्हणजे मुलाने किंवा मुलीने भरायचं हमीपत्र. त्याला फॉर्म आय-८६४ म्हणतात. "यांना मी सांभाळीन, सरकारवर भार पडू देणार नाही," अशी कायदेशीर हमी त्यात असते. त्यासाठी मुलाचं उत्पन्न तिथल्या गरिबीरेषेच्या किमान १२५ टक्के असावं लागतं. घरात माणसं किती, त्यावर हा आकडा ठरतो.

२०२५ च्या दराने एक उदाहरण बघू. मुलगा, सून, एक नातू आणि येणारी आई, अशी चार माणसं धरली तर वर्षाला ४०,१८७ डॉलर उत्पन्न हवं. वडील धरून पाच माणसं झाली तर ४७,०६२ डॉलर. हे आकडे दरवर्षी बदलतात. अलास्का आणि हवाई राज्यांसाठी ते जास्त असतात.

उत्पन्न कमी पडलं तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीला हमीदार होऊ शकतो. पण त्याला कोऱ्या कागदावर सही केल्यासारखं गळ्यात पाडू नका. ही हमी साधी नाही. आलेला माणूस अमेरिकन नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण १० वर्षं, जमा होईपर्यंत ती टिकते. तो देश कायमचा सोडून गेला किंवा वारला तर ती त्याआधीही संपते. नवरा-बायकोच्या बाबतीत घटस्फोट झाला तरी हमी सुटत नाही.

सातबारा दाखवून चालतं का?

हा प्रश्न गावाकडून हमखास येतो. उत्पन्न कमी असेल तर मालमत्ता दाखवता येते, अगदी येणाऱ्या माणसाची स्वतःचीही. पण ती एका वर्षाच्या आत विकून रोख करता येण्यासारखी हवी. आई-वडिलांच्या बाबतीत जितकं उत्पन्न कमी पडतंय, त्याच्या पाचपट किमतीची मालमत्ता लागते.

सामाईक सातबारा, वाटणी न झालेली जमीन, बोजा चढवलेली जमीन अशा ठिकाणी अडचण येते. नुसता उतारा जोडून भागत नाही. मालकी स्पष्ट हवी, किमतीचा दाखला हवा आणि कर्ज असेल तर ते वजा करून दाखवावं लागतं. बँकेतली मुदत ठेव दाखवणं त्यापेक्षा सोपं पडतं.

तब्येतीचा विचार होतो का?

होतो. "हा माणूस पुढे सरकारच्या मदतीवर जगेल का?" हे अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे वकिलातीतला अधिकारी तपासतो. त्यात वय, तब्येत, कुटुंब, पैसा, शिक्षण आणि कौशल्य या गोष्टी बघितल्या जातात. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या परराष्ट्र खात्याने वकिलातींना मधुमेह, हृदयविकार, लठ्ठपणा यांसारख्या आजारांचा आणि त्यांच्या खर्चाचाही विचार करा असं कळवल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे विमा सक्तीचा नसला तरी वयस्कर आणि गोळ्या चालू असलेल्या माणसाला "औषधपाण्याचा खर्च कोण करणार?" हा प्रश्न येऊ शकतो. त्याचं उत्तर तयार ठेवा.

वैद्यकीय तपासणी वकिलातीने ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. तिथे शुगर, बीपी, जुनं ऑपरेशन काहीही लपवू नका. आजार असला म्हणून व्हिसा जातोच असं नाही. पण खोटं बोलल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो.

मुलाखतीला जाताना फाईलमध्ये काय असावं?

भारतातल्या बहुतेक इमिग्रंट व्हिसांच्या मुलाखती मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत होतात. मुलाखतपत्रात मागितलेले कागद तर न्यायचेच. खर्चाबद्दल विचारलं तर दाखवायला हे सोबत असू द्या:

– मुलाचं सही केलेलं हमीपत्र, कर भरल्याचे कागद आणि अलीकडच्या पगाराच्या पावत्या
– मुलाचं एक साधं पत्र: आई-बाबांचा विमा कोणता, कधी घेणार, हप्ता कोण भरणार
– नवरा किंवा बायको जात असेल तर जोडीदाराच्या कंपनीचं पत्र, की पोहोचल्यावर विम्यात नाव घालता येईल
– तुमची स्वतःची बँक शिल्लक, पेन्शन, मुदत ठेवी
– चालू आजाराबद्दल डॉक्टरांचं पत्र, आजार आटोक्यात आहे की नाही आणि महिन्याचं औषध किती

पत्रात मोठी भाषा नको. आकडे, तारखा आणि नावं बरोबर असली की पुरे. पासपोर्टवरचं नाव एक आणि पत्रात दुसरं असं होऊ देऊ नका.

खरी परीक्षा उतरल्यावर

व्हिसा मिळाला, पेढे वाटले, विमानात बसलात. पुढे काय?

इथली मेडिक्लेम साधारणपणे भारतातल्या उपचारापुरतीच असते. आयुष्मान भारत किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड तिथे चालत नाही. प्रवास विमा हा फिरायला जाणाऱ्यांसाठी असतो. त्याचे दिवस मर्यादित असतात आणि आधीपासूनचे आजार बऱ्याचदा वगळलेले असतात.

"मुलाच्या कंपनीचा विमा आहे की," असंही अनेकांना वाटतं. पण कंपनीच्या विम्यात बहुतेक ठिकाणी बायको-नवरा आणि २६ वर्षांपर्यंतची मुलंच येतात. आई-वडील येत नाहीत.

६५ वर्षांवरच्या लोकांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी योजना आहे. पण नव्या ग्रीन कार्डधारकाला ती तिथे सलग पाच वर्षं राहिल्यावरच घेता येते. तिथे नोकरी करून कर भरलेला नसेल तर हप्ताही मोठा असतो. २०२५ मध्ये तो दवाखान्यात भरती होण्याच्या भागासाठी महिन्याला ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागासाठी १८५ डॉलर होता. गरिबांसाठीची मेडिकेड योजनाही बहुतेक प्रौढ ग्रीन कार्डधारकांना पहिली पाच वर्षं मिळत नाही.

मग मार्ग कोणता? सरकारी देखरेखीखाली चालणारा विम्याचा बाजार, ज्याला तिथे मार्केटप्लेस म्हणतात. नव्याने आलेल्या ग्रीन कार्डधारकाला तिथे पॉलिसी घेण्यासाठी ६० दिवसांची मुदत मिळते. आधीचा आजार आहे म्हणून कंपनी नाही म्हणू शकत नाही, त्यासाठी जादा हप्ताही लावू शकत नाही. वय जास्त असेल तर मात्र हप्ता तरुणाच्या तीनपटीपर्यंत असू शकतो. ही ६० दिवसांची मुदत चुकली तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागू शकतं.

पॉलिसी सहसा घेतल्याच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लागू होते. मधल्या दिवसांसाठी नव्याने आलेल्यांचा छोट्या मुदतीचा विमा घेऊन ठेवावा. घेताना "ग्रीन कार्डवर आलेल्या माणसाला हा चालतो का?" आणि "आधीचे आजार यात येतात का?" हे दोन प्रश्न लेखी विचारा.

जीवावर बेतलं तर अमेरिकेतला सरकारी योजनांशी जोडलेला दवाखाना तातडीचा उपचार नाकारू शकत नाही, असा तिथे १९८६ पासून कायदा आहे. पण उपचार झाला की बिल घरी येतं. ते मुलाच्या संसारावर पडतं.

निघण्याआधी मुलाला हे विचारा

१. आमचा विमा कोणत्या तारखेपासून सुरू होणार?
२. महिन्याचा हप्ता किती आणि आजारी पडलो तर आपल्या खिशातून आधी किती भरायचे?
३. आमच्या चालू गोळ्या त्यात बसतात का?
४. घराजवळचा कोणता दवाखाना त्या विम्यात आहे?
५. पाच वर्षं हा खर्च तुला झेपेल का?

शेवटचा प्रश्न विचारायला आई-वडिलांना संकोच वाटतो आणि मुलाला नाही म्हणायला जड जातं. तरी विचारा. हिशेब बसत नसेल तर सध्या पर्यटक व्हिसावर जाऊन येणं आणि बाकी वेळ गावी राहणं हाही मार्ग आहे. त्यात कमीपणा नाही.

फसू नका

"ही पॉलिसी घेतली की व्हिसा पक्का," असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. कोणतीही पॉलिसी व्हिसाची खात्री देत नाही. नियम बघायचे तर अमेरिकन सरकारच्या, पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह' असलेल्या संकेतस्थळावरच बघा किंवा मुलाला बघायला सांगा. तिथले नियम सरकार बदललं की बदलतात. म्हणून मुलाखतीच्या महिनाभर आधी एकदा आणि तिकीट काढण्याआधी पुन्हा एकदा खात्री करून घ्या.