हवेंतील पोहणें

पाण्यांत पडल्यावांचून पोहतां येत नाहीं, ही म्हण सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु ती सांगणारा शहाणा बाप आपल्या मुलास एकदम डोहांत ढकलीत नाहीं. तो त्याच्या कमरेला सुका भोपळा बांधतो, दोराचें एक टोंक आपल्या हातीं ठेवतो, आणि मगच त्याला विहिरींत सोडतो. उडण्याची विद्या शिकणारांनीं असा भोपळा कोठून आणावा? पाण्यांत चुकलेल्याच्या नाकातोंडांत दोन घोट पाणी जाऊन भागतें. हवेंत चुकलेल्यास जमीन भेटते. हेलिकॉप्टरच्या इतिहासांत ज्यांनीं या प्रश्नाचें उत्तर शोधिलें, त्यांत आर्थर यंग या अमेरिकन संशोधकाचें नांव प्रथम घेतलें पाहिजे.

यंग यांचा जन्म १९०५ सालीं पॅरिस येथें झाला. प्रिन्स्टन विद्यापीठांत गणिताचें अध्ययन करून ते १९२७ मध्यें पदवीधर झाले, आणि पुढच्या वर्षापासून त्यांना हेलिकॉप्टरच्या ध्यासानें घेरलें. विमान पुढें धांवतें तेव्हां त्याच्या पंखांना हवेचा आधार मिळतो. हेलिकॉप्टर मात्र माथ्यावर गरगर फिरणाऱ्या पात्यांच्या जोरावर जागच्या जागीं वर उठतें. तळहातावर उभी केलेली काठी जशी एका बाजूची आवरतां आवरतां दुसऱ्या बाजूस कलते, तशी त्याची अवस्था असते. नवशिक्याचा हात क्षणभर उशिरा वळतो, मग घाबरून अधिक वळतो, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो. असें यंत्र आंत बसून शिकावयाचें म्हणजे जिवाशींच गांठ.

यंग यांनीं मोठीं यंत्रें बांधून पाहिलीं. तीं चाचणींतच मोडलीं. तेव्हां ते लहान प्रतिकृतींकडे वळले. यांत माघार नव्हती, हिशेब होता. प्रतिकृति संध्याकाळीं कोसळली तर कांहीं लांकूड आणि तार वायां जाते, आणि ती पुनः उभी करतां येते. मोडलेलें पातें आपण कां मोडलों हें सांगून जातें, आणि ऐकावयास संशोधक जिवंत असतो.

पेन्सिल्व्हेनिया प्रांतांतील पाओली गांवीं एका जुन्या कोठारांत त्यांची कार्यशाळा होती. तेथें त्यांना तोलाची किल्ली सांपडली. पात्यांशीं काटकोन करणारी, दोन्ही टोंकांस वजन असलेली एक दांडी त्यांनीं पंख्याच्या आंसावर बसविली. फिरता भोंवरा जसा सहजासहजीं आपला तोल सोडीत नाहीं, तशी ही दांडी, यंत्र कललें तरी, कांहीं काळ आपली पातळी सोडीत नाहीं. ती पात्यांच्या कोनाशीं जोडलेली असल्यामुळें पातींही तिच्या मागें जातात, आणि यंत्राला सांवरावयास अवसर मिळतो.

यानंतर त्यांनीं विजेच्या मोटरीवर चालणारी, दुरून चालवितां येणारी प्रतिकृति केली. तारेच्या द्वारें तिला वीज आणि हुकूम दोन्ही पोंचत. यंग जमिनीवर उभे राहून तिला कोठारांत स्थिर धरीत, इकडून तिकडे नेत, आणि दारांतून बाहेर काढून पुनः आंत आणीत. वैमानिकाची जागा अशा रीतीनें यंत्रांतून निघून जमिनीवर आली होती. हात चुकला तर जें कोसळावयाचें तें लहान यंत्र होतें, माणूस नव्हे.

१९४१ सालीं बफेलो येथील बेल कंपनीच्या कारखान्यांत त्यांनीं ही प्रतिकृति उडवून दाखविली, आणि पूर्ण आकाराचीं दोन यंत्रें बांधण्याचा करार झाला. २९ डिसेंबर १९४२ रोजीं पहिलें यंत्र जमिनीवरून उचललें गेलें तें दोरांनीं बांधूनच. सिकोर्स्की यांनींही १४ सप्टेंबर १९३९ रोजीं आपलें हेलिकॉप्टर प्रथम बांधूनच उचललें होतें, आणि मे १९४० पर्यंत त्यास मोकळें सोडलें नव्हतें. एवढी काळजी घेऊनही बेलच्या यंत्राची मोडतोड टळली नाहीं. परंतु १९४४ च्या मे महिन्यांत बेलचें यंत्र बफेलो येथील एका लष्करी इमारतीच्या छपराखालीं उडविलें गेलें. कोठारांत प्रतिकृतीनें गिरविलेला धडा पूर्णाकृति यंत्रानें म्हणून दाखविला. त्याच घराण्यांतील ‘बेल ४७’ ला ८ मार्च १९४६ रोजीं नागरी वापराचा परवाना मिळाला. अमेरिकेंत तो मिळविणारें तें पहिलें हेलिकॉप्टर होय. १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धांत त्याच्या दोन्ही बाजूंस पाळणे बांधून जखमी सैनिकांना रणांगणावरून उचलून नेण्यांत आलें.

पुढें १९७० च्या सुमारास जर्मनीतील डीटर श्लूटर यांच्या प्रयत्नांनीं रेडिओनें चालणारीं छोटीं हेलिकॉप्टरें शौकिनांच्या हातीं आलीं. त्यांच्याही माथ्यावर अनेक वर्षें तोल राखणारी दांडी फिरत असे. आतां तें काम बहुधा विजेचीं सूक्ष्म उपकरणें करतात. शिकण्याचा क्रम मात्र बदललेला नाहीं. जाणता शिक्षक नवशिक्यास प्रथम संगणकाच्या पडद्यावर सराव करावयास लावतो. मग यंत्राच्या पायांना टोंकाशीं चेंडू असलेल्या लांब आडव्या काठ्या बांधतो, म्हणजे तें कललें तरी पातीं जमिनीस लागत नाहींत. यंत्राचें शेंपूट आपल्याकडे ठेवून, गवतापासून वीतभर उंचीवर तें स्थिर धरणें हा पहिला धडा. तोंड आपल्याकडे वळलें कीं डावें-उजवें उलटें होतें. म्हणून तो धडा सर्वांत शेवटीं. आणि पहिल्या दिवसापासून एक नियम: बघ्यांना, विशेषतः मुलांना, पुष्कळ दूर ठेवावें, आणि पातीं थांबल्यावांचून कोणीं जवळ जाऊं नये. यंत्र खेळण्याएवढें दिसलें, तरी वेगानें फिरणारें पातें हाडापर्यंत जखम करतें.

या काठ्या कांहीं दिवसांनीं सोडावयाच्याच असतात, जसा भोपळाही एके दिवशीं सोडावयाचा असतो. तो दिवस कोणता, हें शिकणाऱ्याच्या उतावळेपणानें ठरवावयाचें नसतें. हात न बिचकतां वळूं लागला म्हणजे तो आपोआप येतो. यंग यांनीं त्याची वाट बारा-तेरा वर्षें पाहिली.