प्रत्यारोपित फुफ्फुस : खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतर

फुफ्फुसाचे प्रत्यारोपण यशस्वी झाल्याची बातमी येते, तेव्हा रुग्णाची खरी कसोटी सुरू झालेली असते. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात डॉ. जेम्स हार्डी यांनी १९६३ मध्ये जगातील पहिले फुफ्फुस-प्रत्यारोपण केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. टोरोंटोत डॉ. जोएल कूपर यांच्या चमूने १९८३ मध्ये केलेल्या शस्त्रक्रियेनंतर मात्र रुग्णाला सहा वर्षांहून अधिक आयुष्य लाभले. तंत्र पुढे खूप सुधारले. तरीही आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार निम्मेच रुग्ण सुमारे साडेसहा वर्षांचा टप्पा ओलांडतात. हृदय-प्रत्यारोपणात हा टप्पा बारा वर्षांच्या आसपास आहे. या तफावतीमागील एक प्रमुख कारण म्हणजे 'क्रॉनिक रिजेक्शन', अर्थात शरीराने परका अवयव हळूहळू नाकारणे.

असे का होते?

हृदय किंवा मूत्रपिंड शरीरात बंदिस्त असते. फुफ्फुसात मात्र प्रत्येक श्वासाबरोबर धूळ, धूर आणि जंतू शिरतात. त्यामुळे रोगप्रतिकारक यंत्रणा तेथे सतत जागी राहते व परक्या पेशींवर हल्ला चढवते. सूक्ष्म श्वासनलिकांत व्रण साचून त्या बुजत जातात. काही रुग्णांत संपूर्ण फुफ्फुसच ताठर होते. हा प्रकार अधिक घातक असतो. पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या रुग्णांना यांपैकी काही ना काही त्रास जडतो.

ओळखायचे कसे?

सुरुवातीला दुखत नाही, तापही येत नाही. जिना चढताना किंचित धाप लागते, इतकेच. म्हणून एका सेकंदात जोराने किती हवा बाहेर टाकता येते, हे स्पायरोमीटरवर मोजतात. रुग्णाच्या सर्वोत्तम आकड्यापेक्षा २० टक्के वा अधिक घट टिकून राहिली आणि संसर्गासारखी अन्य कारणे आढळली नाहीत, तर क्रॉनिक रिजेक्शनचे निदान होते. ॲझिथ्रोमायसिन देऊन किंवा औषधे बदलून घसरण रोखता येते. गेलेली क्षमता मात्र सहसा परत येत नाही. मोजक्या रुग्णांचे पुन्हा प्रत्यारोपण होते.

नगरकरांनी काय ध्यानात ठेवावे?

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले किंवा जामखेडहून पुणे-मुंबईचे मोठे रुग्णालय वरचेवर गाठणे सोपे नाही. त्यामुळे घरी स्पायरोमीटर ठेवून रोजची नोंद वहीत करणे येथे अधिकच महत्त्वाचे ठरते. आकडा १० टक्क्यांनी घसरला, तरी पुढील तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

बुरशी आलेला कडबा, शेणखताचा उकिरडा, चिपाडाचे ढीग व कुजका कांदा यांपासून दूर राहावे. ॲस्परजिलस ही बुरशी अशा जागी वाढते. चुलीचा धूर टाळावा.

टॅक्रोलिमससारख्या गोळ्या ठरलेल्या वेळीच घ्याव्यात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे या औषधाची रक्तातील पातळी एकदम घसरते आणि शरीर फुफ्फुस नाकारू शकते. उलट, काही बुरशीनाशक औषधे व पपनस यांमुळे ती वाढून मूत्रपिंडांना अपाय होतो. म्हणून गावातील डॉक्टरांनी नवे औषध लिहून दिले, तर प्रत्यारोपण केंद्राला विचारूनच ते सुरू करावे.