झुला, पालखी आणि डास : पनवेलच्या वाटेवरची एक जुनी लढाई

पनवेल तालुक्यातील प्रबळमाचीवर मुक्काम करणाऱ्यांपैकी कुणी तंबू ठोकतो, तर कुणी दोन झाडांना कापडी झुला बांधतो. झुल्यात निजणाऱ्याची एक तक्रार हमखास असते : वरून मच्छरदाणी घेतली, हातातोंडाला मलम चोळले, तरी सकाळी पाठ डासांनी फोडलेली! कारण साधे आहे. अंगाच्या भाराने झुल्याचे कापड पाठीला घट्ट चिकटते आणि डासाची सोंड त्या पातळ विणीतून आरपार जाते. भुईवर निजणाऱ्याची पाठ निदान भुईला टेकलेली असते. लटकणाऱ्याची मात्र खालूनही उघडी.

हे निरीक्षण फार जुने आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने नाईलच्या दलदलीतील कोळ्यांविषयी लिहिले, की दिवसा मासे धरण्याचे जाळे ते रात्री बिछान्याभोवती लावतात. अंगावर वस्त्र लपेटून निजले तर डास त्यातून चावतात, जाळ्यातून मात्र चावण्याचा प्रयत्नही करीत नाहीत. अंगाला चिकटलेले कापड निरुपयोगी, अंगापासून दूर असलेले जाळे उपयोगी, हा सगळा हिशेब त्यात आला. त्याच नोंदीत दलदलीच्या वरच्या भागातील लोक उंच मनोऱ्यांवर निजत असल्याचेही आहे, कारण वाऱ्यामुळे डास तिथवर पोहोचत नसत.

कोकणच्या माणसाला यावरून शेतातला माळा आठवेल. तो बांधायचा रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी. पण वरच्या वाऱ्याचा लाभ राखणदाराला आपसूक मिळे. मच्छरदाणीही आपल्याकडे परकी नाही. संस्कृतात तिला ‘मशकहरी’ म्हणतात, आणि पाली विनयपिटकात भिक्खूंना डासांपासून बचावासाठी ‘मकसकुटिका’ वापरण्याची अनुज्ञा आहे. नावाप्रमाणे ही डासांपासून राखणारी कुटीच.

आता पनवेलच्या वाटेकडे वळू. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीने पनवेलच्या खाडीत उतरे आणि तेथून बोरघाटाकडे निघे. १८०४ मध्ये वेलस्लीने घाट तोफा नेण्याजोगा करविला. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या काळात गाड्यांचा रस्ता खुला झाला. त्याआधी ऐपतवाल्याचे वाहन म्हणजे पालखी, आणि पालखी म्हणजे तरी काय? दांड्याला टांगलेला बिछानाच. फरक इतकाच की खाली गादी आणि बाजूला सरकती दारे. ती उचलणारे भोई मुक्कामाला उघड्यावर, शेकोटीच्या धुरात निजत. एकाच वाटेवर, एकाच रात्री, एकाला भिंती आणि दुसऱ्याला धूर, ही विभागणी प्रवासवर्णनांत सहसा दिसत नाही.

दारे लावून घेण्यामागे त्या काळी डासांचा विचार नव्हता. ताप दूषित हवेतून येतो, दलदलीची आणि घाटपायथ्याची रात्रीची हवा विषारी असते, अशी वैद्यकाची ठाम समजूत होती. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘वाईट हवा’. जाळीदार कापडाने ही हवा गाळली जाते, असेही काही वैद्यक-लेखक मानीत. उपाय योग्य आणि कारण चुकीचे, असा प्रकार इतिहासात पुष्कळदा भेटतो.

पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८७९ मध्ये महिनोन्‌महिने रानोमाळ, डोंगरकपारीत राहिले. त्या जुलैत कलादगी जिल्ह्यात ते पकडले गेले, तेव्हा तापाने पार खचलेले होते. रानातला ताप शिपायांइतकाच घातक असतो, हे बंडखोर आणि पलटणी दोघेही जाणून होते. तो कुठून येतो हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हते. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, लाव्हराँ यांना अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे जंतू दिसले. १८९७ च्या ऑगस्टात सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान या रुग्णाला मच्छरदाणीत निजवून आत डास सोडले. प्रत्येक चाव्याला एक आणा मोबदला! डासांना बाहेर ठेवणारी वस्तू इथे त्यांना आत कोंडण्यासाठी वापरली गेली, आणि त्यातल्याच एका डासाच्या जठरात रॉस यांना तो जंतू सापडला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी रानातला खास झुला तयार झाला. वर पाणी न शिरणारे छत, चारी बाजूंना जाळी, आत शिरायला चेन. आणि पाठीखाली कापडाचे दोन थर, म्हणजे सोंड कातडीपर्यंत पोहोचू नये.

खरे तर याचे निम्मे तंत्र भातखाचराच्या बांधावर आधीच दिसत होते. कामाला आलेली आई झाडाला लुगड्याची झोळी बांधते, वरच्या दोरीवरून दुसरे विरळ लुगडे सोडते, आणि तळाला जुन्या गोधडीची घडी घालते. ती घडी मुलाला ऊब मिळावी म्हणून. पण दुसरा थर तोच. राहता राहिल्या मुंग्या. त्या दोरीवरूनच येतात, कापडाने अडत नाहीत. त्यांच्यासाठी दोरीच्या दोन्ही टोकांना रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी गुंडाळतात; घरात दुधातुपाच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, त्यातलाच हा प्रकार.