चाल आधीं, शब्द मागून



कथा-कादंबरी लिहितांना शेजारीं गाणें लावून ठेवावें कीं नाहीं, या प्रश्नावर आजकालचे तरुण लेखक मोठ्या हिरिरीनें वाद घालतात. आमच्या अँटॉप हिलच्या वसाहतींतील एक कथालेखक तर प्रत्येक कथेसाठीं गीतांची निराळी यादी करतात, ती मोबाइलवर लावतात आणि मगच लिहावयास बसतात. कित्येक वडीलधाऱ्यांस हें थेर वाटतें. मला तसें वाटत नाहीं. कारण आपल्या संगीत रंगभूमीचे कितीतरी नाटककार अशाच कानांत घोळणाऱ्या चालींच्या संगतीनें लिहीत आले आहेत.

१८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास पारशी मंडळीचें ‘इंद्रसभा’ नाटक पाहिलें आणि असें नाटक मराठींत कां नसावें, या विचारानें त्यांस घेरलें. त्यांनीं कालिदासाचें ‘शाकुंतल’ हातीं घेतलें. त्याच वर्षीं ३१ ऑक्टोबर रोजीं त्याचे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. साक्या, दिंड्या, लावण्या, कीर्तनांतील पदें, बायकांचीं गाणीं, कर्नाटकी चाली, असा मोठा साठा अण्णासाहेबांच्या कानांत होता. त्या काळच्या नाटकाचें छापील पुस्तक उघडावें, तों पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द आणि त्यापुढें एखाद्या प्रसिद्ध गाण्याचा आरंभ दिलेला आढळतो. वाचकानें तो ओळखावा आणि त्याच सुरांत पद म्हणावें, ही अपेक्षा. आमच्या शेजाऱ्यांची ती गीतांची यादी तेव्हांचे नाटककार उघडउघड पुस्तकांतच छापीत, म्हणाना!

पुढें श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं ‘वीरतनया’पासून, म्हणजे १८९६ पासून, पारशी-उर्दू रंगभूमीवरील चटकदार चाली मराठींत आणल्या. चाली खऱ्याच मोहक होत्या. परंतु त्यांच्या मापांत मराठी शब्द बसवितांना अर्थाची जी ओढाताण झाली, ती कोल्हटकरांच्या भक्तांसही नाकारतां येणार नाहीं.

खरी पाहण्याजोगी गोष्ट कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची. हे मूळचे गद्य नाटककार. १९०७ चें त्यांचें ‘कीचकवध’ इतकें जहाल ठरलें कीं, १९१० सालीं सरकारनें त्यावर बंदी घातली. असा लेखक १९११ सालीं ‘मानापमान’ हें संगीत नाटक घेऊन येतो, हा लोकांस अचंबाच होता. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांनीं दिल्या. पूरबी ठुमरी-दादऱ्याच्या अंगाच्या, लाडिक, नखरेल. त्या चालींच्या मापानें खाडिलकरांनीं शब्द रचले. हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. समेवर येणारा शब्द अर्थानेंही वजनदार हवा. गवई जेथें सूर लांबवितो तेथें दीर्घ स्वर हवा. तेथें जोडाक्षर आलें कीं सूर अडखळतो. शाळेंत वृत्तें शिकवितांना लघु-गुरूंची जी घोकंपट्टी आम्हीं करून घेत असूं, तिच्याहून हा हिशेब पुष्कळच नाजूक.

माझ्या मतें त्या चालींनीं पदांपुरताच प्रभाव पाडला नाहीं. ‘कीचकवधां’तली द्रौपदी निखाऱ्यासारखी आहे. ‘मानापमाना’तली भामिनी रुसते, टोचून बोलते, धैर्यधराच्या गरिबीचा उपहास करते आणि पुढें वनमालेच्या वेषांत त्याच्यावरच भाळते. रुसवा आणि आर्जव हा तर ठुमरीचा प्राण! अशा सुरांच्या सहवासावांचून ही नायिका खाडिलकरांच्या हातून उतरली असती, असें मला वाटत नाहीं.

मात्र या सहवासाची किंमतही पडली. बालगंधर्वांसारखा गळा लाभल्यावर प्रेक्षक ‘वन्समोअर’ मागूं लागले, पदें लांबलीं, प्रयोग रात्रभर चालूं लागले आणि कथानक बापडें विंगेंत ताटकळत राहिलें.

याच्या उलट ‘एकच प्याला’. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें वारले आणि पुढच्याच महिन्यांत नाटक बडोद्यास रंगभूमीवर आलें. त्यांतील पदें कथालेखक विठ्ठल सीताराम गुर्जर यांचीं, तर चाली सुंदराबाईंच्या. पदें गोड आहेत, यांत संशय नाहीं. पण सिंधूचें दुःख गडकऱ्यांच्या गद्यांतच पुरें झालेलें आहे. पदें वगळलीं तरी नाटक उभें राहतें. ‘मानापमाना’विषयीं असें म्हणवणार नाहीं. १९३३ सालच्या ‘आंधळ्यांच्या शाळें’त पदें मोजकींच राहिलीं, आणि १९५५ सालीं पुणें आकाशवाणीनें ‘गीतरामायण’ ऐकविलें तेव्हां तर क्रम पालटून गेला होता. माडगूळकरांचे शब्द आधीं, सुधीर फडक्यांचे सूर मागाहून.

आज अडचण निराळीच आहे. पदांच्या डोक्यावर ज्या गाण्यांचा आरंभ छापलेला आहे, त्यांतील कित्येक गाणीं आतां कोणी म्हणत नाहीं. चालीची खूण कागदावर आहे, चाल मात्र कानांत नाहीं. आणि चालीवांचून तें पद वाचूं गेल्यास ओळ लंगडते, यमक पोरकें वाटतें. आपल्या घरीं एखाद्या आजीस अशी जुनी चाल येत असेल, तर तिच्यापुढें तें पुस्तक उघडून धरावें, पद म्हणावयास सांगावें आणि हातांतल्या मोबाइलवर तिचा आवाज टिपून ठेवावा.