खरा मणी, काचेचा मणी आणि छिद्रातली हवा

वर्ध्याहून नागपूरकडे निघालात की धाम नदीकाठी पवनार लागतं. विनोबांच्या आश्रमामुळे गाव सगळ्यांना माहीत आहे. पण १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी तिथे उत्खनन केलं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यात मणीही मिळाले, दगडाचे तसे काचेचेही. आता प्रश्न असा, की कुठला कशाचा हे ठरवायचं कसं?

हा प्रश्न जुनाच आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात कोशात घ्यायच्या रत्नांच्या परीक्षेवर स्वतंत्र प्रकरण आहे. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने तर लिहून ठेवलंय, की भारतातले लोक स्फटिक रंगवून रत्नांची, विशेषतः बेरिलची, नक्कल करतात. (तक्रार म्हणा की कौतुक!) खडा सकाळी तपासावा, खरा तोंडात गार आणि वजनाला जड लागतो, खोट्यात बुडबुडे दिसतात, अशा खुणाही तो देतो. यातली बुडबुड्यांची खूण आजही चालते.

वजनाचं मात्र जपून. माझी फजिती सांगते. शिकताना एक लाल मणी हाती आला, साधारण ५ मिमीचा. कार्नेलियनची घनता सुमारे २.६, साध्या काचेची सुमारे २.५. पाण्यात तोलला, उत्तर आलं २.४५. मी खुशाल ‘काच’ लिहून मोकळी! मग ताईंनी, म्हणजे आमच्या सिनिअरने, विचारलं, "छिद्रातली हवा काढलीस का?" तुम्हीच हिशोब करा. ५ मिमीच्या गोल मण्याचं आकारमान साधारण ६५ घन मिमी. १ मिमी व्यासाच्या छिद्राचे त्यातले ४ घन मिमी जातात, म्हणजे सहा टक्के. तेवढी हवा अडकली की कार्नेलियन थेट काचेच्याही खाली उतरतं.

ही चूक साधी नाही. कार्नेलियन म्हणजे लाल अकीक. असा दगड दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होतो, आणि वर्धा जिल्हा बहुतेक त्याच खडकावर वसलाय. नागपूरजवळच्या माहुरझरीला तर मणी घडवण्याचं मोठं केंद्रच होतं. काच म्हटलं की भट्टी शोधायची, वाळू आणि क्षार कुठून आले ते विचारायचं. म्हणजे एका शब्दाने अख्खा व्यापारमार्ग बदलतो. आणि काचेचा मणी म्हणजे ‘नकली’ म्हणून बाजूला टाकायची वस्तू नव्हे. तो वेगळ्या कारागिराचा पुरावा आहे. मो. गं. दीक्षितांनी १९४९ मध्ये कोरीव नक्षीच्या मण्यांवर पुस्तक लिहिलं आणि पुढे भारतीय काचेचा इतिहासही लिहिला, ते उगाच नाही.

मग मी दहापट भिंग घेतलं. ओढून केलेल्या काचेच्या मण्यात बुडबुडे छिद्राला समांतर, लांबट दिसतात. इथे एकही नव्हता. रामन वर्णपटात ४६४ च्या आसपास क्वार्ट्झची ठळक रेषा आली. काचेत ती येत नाही, तिथे नुसते पसरट उंचवटे दिसतात. ओरखडा काढून कठीणपणा बघायचा मोह मात्र आवरा, मणी पुन्हा मिळत नाही.

नोंदवहीत ‘काच’ खोडून ‘कार्नेलियन’ लिहिलं. खोडलेला शब्द वाचता येईल असाच ठेवला, शेजारी तारीख आणि पद्धत.